उत्सवांच्या यादी व कालनिर्णय

प्राचीन ग्रीक व रोमन लोकांच्या उत्सवांची माहिती मुख्यत्वें त्यांच्या काव्यांतून मिळते असा सामान्य समज आहे. वस्तुतः तींतील विश्वसनीय भाग खर्चाच्या रुक्ष यादींतून आला आहे. अथेन्सच्या प्रदेशांतील एर्खिया या गांवचा, इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांतील एक शिलालेख १९६३ सालीं प्रसिद्ध झाला. कोणत्या महिन्याच्या कोणत्या दिवशीं, कोणत्या देवतेस, कोठें व कोणता पशु अर्पावा, हें त्यांत पांच रकान्यांत दिलें असून प्रत्येकाचें मोलहि नमूद आहे. मेंढ्यास १२ द्राख्मे, मेंढीस १०. रकान्यांच्या बेरजा जवळजवळ समान असल्यानें उत्सवखर्चाचा भार गांवांत वांटलेला होता असें अनुमान निघतें. एवढी गोष्ट कोणत्याहि कवीनें सांगितलेली नाहीं.

रोमचें उदाहरण याहून बोधप्रद आहे. तेथें अधिक मास धरण्याचें काम धर्माधिकाऱ्यांकडे असे. त्यांच्या हयगयीमुळें सुगीचे उत्सव उन्हाळ्यांत व द्राक्षांचे उत्सव शरदांत येईनासे झाले, असें स्वेतोनियस लिहितो. अखेर ज्यूलियस सीझरनें इ. स. पूर्वीं ४६ हें वर्ष ४४५ दिवसांचें करून मेळ बसविला. म्हणजे कालगणनेंतील दोष उत्सवानेंच उघड केला.

आपल्याकडे नाणेघाटांतील सातवाहनांच्या लेखांत यज्ञांची नांवें व त्यांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांची दक्षिणा कोरलेली आहे. पुढील काळीं अशा यादी कागदावर आल्या. देवस्थानांचे जमाखर्च, नैवेद्याच्या व बिदागीच्या यादी, इनामाच्या सनदा हे ते कागद होत. त्यांत राजकारण नसतें म्हणून संग्राहक त्यांची उपेक्षा करितात. परंतु कालनिर्णयास त्यांचा उपयोग फार मोठा आहे.

एक उदाहरण घेऊं. शुहूर सन मृगापासून सुरू होतो, शक चैत्रापासून. शुहूर ११६१ या एकाच वर्षांत दसरा इ. स. १७६० चा, शके १६८२ चा. तर रामनवमी इ. स. १७६१ ची, शके १६८३ ची येते. म्हणून त्या सनाच्या दसऱ्याच्या कागदास ५९९ मिळवावे लागतात, रामनवमीच्या कागदास ६००. उत्सवाचें नांव असल्यास ही चूक टळते. तिथीसोबत वार दिला असल्यास पंचांगगणितानें कागद पारखतां येतो. ज्या वर्षीं अधिक आषाढ नव्हता, त्या वर्षाच्या कागदांत तो लिहिलेला आढळला तर कागद संशयास्पद ठरतो.

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांतील तीर्थपुरी व तिचा परिसर या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. याच तालुक्यांत श्रीसमर्थांचें जन्मस्थान जांब असून त्यांचा जन्म शके १५३० च्या रामनवमीचा मानितात. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्यामुळें अशा मुलखांतील कागदांत शकाबरोबर फसली व हिजरी या सनांचीहि गांठ पडते. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असल्यानें ऋतूंतून फिरत राहतें, आणि फसलीचा वर्षारंभ सर्वत्र व सर्वकाळ एकच नव्हता. अशा गुंत्यांत चैत्र शुद्ध नवमी किंवा आश्विन शुद्ध दशमी एवढा एक उल्लेखहि पक्का खुंटा होतो.

तरी संग्राहकांस विनंती अशी कीं, पुजारी, गुरव, कुळकर्णी यांच्या घरचीं दप्तरें पाहतांना तेलवातीची यादी व शिध्याचा हिशेब रद्दी म्हणून टाकूं नये. बंदांचा मूळ क्रम न मोडतां, पाठीवरील शेऱ्यांसह त्यांची नक्कल घ्यावी. एर्खियाचा लेख दगडावर होता म्हणून तेवीसशें वर्षें टिकला. आपल्या यादींस वाळवीची भीति आहे.