परसबागेतील कीड : विषाविना बंदोबस्त



शाळेच्या परसबागेत यंदा वाल, वांगी आणि टोमॅटो चांगले वाढले आहेत. त्यांच्यामागून कीडही आली. ‘बाजारातून औषध आणून एकदा फवारून टाका’ अशी सूचना काही पालकांनी केली. सूचना आपुलकीनेच केलेली आहे. परंतु शाळेच्या आवारात रासायनिक कीटकनाशकाची बाटली आणायची नाही, असे आम्ही ठरवले आहे. त्यामागची कारणे व त्याऐवजी काय करावे, हे येथे देत आहोत.

ज्याला आपण सहजपणे ‘औषध’ म्हणतो, ते विष असते. भोपाळ आपल्या इंदूरपासून फार दूर नाही. १९८४ च्या डिसेंबरमध्ये युनियन कार्बाइडच्या ज्या कारखान्यातून वायू सुटला, तेथे कार्बारिल हे कीटकनाशकच तयार होत असे. त्या कार्बारिलवर भारतात २०१८ साली बंदी आली. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेचे माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. भाजीपाल्यावर ते वापरण्यास २००५ पासूनच मनाई होती. जेथे मुले खेळतात, पाने हाताळतात आणि तोडलेला टोमॅटो न धुता तोंडात टाकतात, तेथे असा धोका का पत्करावा?

आधी ओळख, मग उपाय

बागेत दिसणारा प्रत्येक किडा शत्रू नसतो. हिवाळ्यात वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळसर किड्यांची दाटी होते. हा मावा, आपले माळीदादा त्याला ‘माहू’ म्हणतात. तो रस शोषतो आणि चिकट गोड द्रव टाकतो. त्या द्रवावर काळी बुरशी धरते आणि मुंग्या जमतात. माव्याची मादी नराशिवायही थेट पिलांना जन्म देते, म्हणून चार-आठ दिवसांतच सगळा शेंडा भरून जातो.

पण त्याच शेंड्यावर त्याचा शत्रूही असतो. लाल पाठीवर काळे ठिपके असणारा ढालकिडा सर्वांना आवडतो; त्याची अळी मात्र कोणी ओळखत नाही. ती काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांची आणि इवल्याशा मगरीसारखी दिसते. मुले तिलाच कीड समजून चिरडतात. प्रत्यक्षात ही एक अळी मोठी होईपर्यंत शेकडो मावा खाते. रासायनिक फवारणीने मावा मरतो, तसे ढालकिडेही मरतात. उरलेला मावा झपाट्याने वाढतो. ढालकिडा मात्र तितक्या लवकर परतत नाही. म्हणून एकदा फवारणाऱ्याला पुन्हा पुन्हा फवारावे लागते.

घरी करता येण्याजोगे उपाय

१. पाणी : सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याची जोरदार धार मारावी. पडलेला मावा सहसा पुन्हा वर चढू शकत नाही. थोड्या माव्याला एवढे पुरते.

२. हाताने वेचणे : लिंबू व कढीपत्ता (आपल्याकडचा मीठा नीम) यांवरची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते. ती वेचून, पाने घालून, जाळीदार झाकणाच्या बरणीत ठेवा. पुढे तिचे फुलपाखरू होते. वांग्याचा शेंडा मान टाकून सुकला, तर आत अळी असते. तो थोडा खालून कापून नष्ट करावा.

३. पिवळा पुठ्ठा : पांढरी माशी पिवळ्या रंगाकडे ओढली जाते. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल चोपडून झाडाच्या उंचीवर टांगावा.

४. साबण : एक लिटर पाण्यात एक लहान चमचा सौम्य साबण विरघळवावा. किड्याच्या अंगावर पडले तरच हे पाणी काम करते, वाळल्यावर नाही. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, पाने करपतात. आधी दोन पानांवर फवारून एक दिवस पाहावे.

५. निंबोळी अर्क : वाळलेल्या निंबोळीतील गर ५० ग्रॅम कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा, फडक्याने गाळावा, थोडे साबणाचे पाणी घालून त्याच दिवशी संध्याकाळी फवारावा. उन्हाने त्यातील गुण लवकर नाहीसा होतो. कीड लगेच मरत नाही. तिचे खाणे मंदावते आणि कात टाकणे बिघडते. म्हणून चार-पाच दिवस धीर धरावा.

सावधगिरी

घरगुती म्हणजे निर्धोक, असे समजू नये. तंबाखूचा काढा अनेकजण सुचवतात. पण त्यातील निकोटिन हे तीव्र विष आहे, शिवाय तंबाखूतून टोमॅटोला विषाणूजन्य रोग लागू शकतो. तो वापरू नये. नीम तेलही पोटात गेल्यास लहान मुलांना घातक ठरते. बाटली कुलपात ठेवावी. कोणतीही फवारणी मोठ्यांनीच करावी आणि भाजी नेहमी धुऊनच खावी.

या उपायांनी बाग पूर्णपणे कीडमुक्त होणार नाही, हेही स्पष्ट सांगतो. काही पाने कुरतडलेली राहतील, काही वांगी किडकी निघतील. विश्वस्त मंडळींनी पाहणीच्या वेळी ती बागेची हेळसांड समजू नये. पालकांना विनंती की, घरात कीटकनाशकाची जुनी बाटली वा डबा असल्यास त्यात तेल, पाणी, धान्य कधीही भरू नये. आणि विद्यार्थ्यांनो, पावसाळ्याच्या तोंडाशी निंबाखाली पिकलेल्या निंबोळ्यांचा सडा पडेल, तेव्हा त्या गोळा करून सावलीत वाळवा आणि शाळेत आणून द्या. पुढच्या हिवाळ्याची आपली तयारी तीच.