छातीतले पाणी आणि डोक्यावरचा सिमेंटचा पत्रा

छातीत पाणी झाले की वस्तीत पहिला शब्द निघतो तो टीबी. आपल्याकडे तो बहुतेक वेळा खराही ठरतो. सहा महिने गोळ्या नीट घेतल्या की पाणी आटते आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. पण थोड्या रुग्णांचे तसे होत नाही. गोळ्या चालू असतानाच पाणी परत भरते. सुईने काढले तरी काही आठवड्यांत दम पुन्हा लागतो, एकाच बाजूची छाती ठणकत राहते, वजन उतरत जाते. अशा वेळी घरच्यांनी आणि डॉक्टरांनीही एक प्रश्न विचारायला हवा : या माणसाने तरुणपणी कुठे आणि काय काम केले? त्याचे उत्तर कधी कधी मेसोथेलिओमा नावाच्या कर्करोगापर्यंत नेते.

आपल्या फुफ्फुसांभोवती एक पातळ दुपदरी आवरण असते. दोन पदरांमध्ये अगदी थोडे पाणी असते, त्यामुळे श्वास घेताना फुफ्फुस छातीच्या आत घासत नाही. तसेच आवरण पोटातल्या आतड्यांभोवती आणि हृदयाभोवतीही आहे. मेसोथेलिओमा हा या आवरणाचा कर्करोग. बहुतेक वेळा तो छातीत होतो, कधी पोटात. हा फुफ्फुसाचा नेहमीचा कर्करोग नव्हे आणि तो बिडी-सिगारेटमुळे होत नाही. आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या बाईलाही तो होऊ शकतो. मात्र पुढे ज्या धुळीबद्दल सांगणार आहे, ती अंगावर घेणारा माणूस बिडीही ओढत असेल, तर त्याला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हेही ध्यानात ठेवा.

या रोगाचे मुख्य कारण एकच आहे : अ‍ॅस्बेस्टॉस. हा जमिनीतून निघणारा दगड आहे, पण तो कापसासारखा पिंजता येतो. तो जळत नाही, गंजत नाही आणि स्वस्त मिळतो. म्हणून बॉयलरची वेष्टणे, ब्रेक लायनर, आगीपासून बचावाचे कापड, सिमेंटचे पाइप आणि छपराचे पत्रे यांत तो वापरला गेला. त्याचे तंतू उभे चिरत चिरत इतके बारीक होतात की डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासातून आत गेलेला तंतू शरीराला विरघळवता येत नाही. काही तंतू त्या आवरणापर्यंत पोचतात आणि वर्षानुवर्षे तिथे सूज धरून ठेवतात. पेशी बिघडून रोग दिसायला साधारण २० ते ५० वर्षे लागतात. पंचविशीत घेतलेली धूळ साठीत बाहेर येते, आणि तोवर कारखाना बंद पडलेला असतो, मुकादम वारलेला असतो.

हे जगाला कसे कळले, ते आपल्या घरांतल्या बायकांनी जाणून घेण्यासारखे आहे. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत डॉ. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. जवळजवळ सर्वांचा संबंध केप प्रांतातल्या निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखाशी किंवा त्या मालाशी होता. पण त्यांतले अनेक जण कधी खाणीत उतरलेच नव्हते. त्यांत घर सांभाळणाऱ्या बाया होत्या, घरकाम करणाऱ्या मोलकरणी होत्या, गुरे राखणारे होते. खाणीजवळ राहणे, लहानपणी त्या धुळीत खेळणे एवढेच पुरले होते. पाच वर्षांनी लंडनमध्ये झालेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगारांच्या घरच्या बायकांनाही हा रोग झाला होता. नवऱ्याचे, भावाचे धुळीने भरलेले कपडे त्या झटकत आणि धूत असत.

आता आपल्या डोक्यावरच्या छपराकडे येऊ. ज्याला आपण ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतो, त्या राखाडी नागमोडी पत्र्यात बहुतेक करून सिमेंटबरोबर पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस असते. लोखंडी पत्रा वेगळा, त्यात ते नसते. सिमेंटचा पत्रा डोक्यावर आहे म्हणून आज रात्री झोप उडवून घेऊ नका. पत्रा धड असेल, तुटलेला किंवा भुगा पडत असलेला नसेल, तर तंतू सिमेंटमध्ये अडकलेले असतात आणि धोका कमी असतो. धोका वाढतो तो पत्रा कापताना, भोक पाडताना, फोडताना आणि घासताना.

आपल्याकडे हे सारे पावसाळ्याच्या तोंडावर होते. मे महिन्यात गल्लीत कटर लागतो, पांढरी धूळ उडते, पोरे भोवती उभी राहून बघतात आणि नंतर ताई कोरड्या झाडूने अंगण झाडते. वर्षावासाआधी विहाराचे छत दुरुस्त करतानाही आपण हेच करतो, श्रमदान म्हणून, तोंडाला रुमाल बांधून. रुमालाने हे तंतू अडत नाहीत. पत्रा शक्यतो कापूच नये, पूर्ण मापाचा घ्यावा. कापावाच लागला तर वीज-कटर नको. पाणी मारून, ओला ठेवून, हातकरवतीने, घरापासून लांब आणि मुलांना दूर ठेवून कापावा. खाली पडलेला चुरा झाडू नये, ओल्या फडक्याने टिपून फडक्यासकट पिशवीत बांधावा. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडू नये. जुना पत्रा खिळे उपसून फोडत न बसता अखंड उतरवावा. तुकडे बोळात भरणीला टाकण्याची, त्यावर पोरांनी लंगडी खेळण्याची रीत तर पहिली बंद करा. काम केलेल्याचे कपडे झटकू नयेत, आधी पाण्यात बुडवावेत आणि बाकीच्या धुण्यापासून वेगळे धुवावेत. नवे छप्पर घालायची ऐपत असेल तर अ‍ॅस्बेस्टॉस नसलेला पत्रा मागा. साठहून अधिक देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. आपल्या देशाने पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची आयात आणि वापर चालूच ठेवला. स्वस्त पत्र्याची किंमत कोणाच्या छातीतून वसूल होते, हे वेगळे सांगायला नको.

पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त धोका कामावरचा. अ‍ॅस्बेस्टॉसचे कारखाने, गिरण्यांतली आणि रेल्वे वर्कशॉपमधली बॉयलरची कामे, दारुखान्यात किंवा गुजरातेत अलंगला जहाजे तोडणे, गॅरेजमध्ये ब्रेक लायनर घासणे, जुन्या इमारती पाडणे, नाक्यावरून छपराच्या कामाला जाणे. आपल्या घरांतले किती आजोबा, किती मामा यांपैकी कुठल्या ना कुठल्या कामात होते, ते ज्याचे त्याने आठवावे.

निदानाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण गाडी अडते ती तिथेच. एक्स-रेत पाणी दिसते, पण पाणी कशाने झाले ते दिसत नाही. सीटी स्कॅनमध्ये आवरण जाड, गाठाळ झालेले दिसू शकते. सुईने काढलेले पाणी तपासतात, पण मेसोथेलिओमात या तपासणीत बरेचदा काहीच ठोस सापडत नाही. म्हणून ‘पाण्याचा रिपोर्ट नॉर्मल आला’ यावर थांबू नये. खरे उत्तर देतो तो आवरणाचा तुकडा, म्हणजे बायोप्सी. छातीत लहान छिद्रातून दुर्बीण घालून किंवा सीटी स्कॅनच्या मदतीने सुईने तो घेतात. त्या तुकड्यावर विशेष रंगचाचण्या करूनच हा मेसोथेलिओमा की फुफ्फुसाचा दुसरा कर्करोग, हे ठरते. टीबीच्या गोळ्या मनाने मात्र बंद करू नका. पाणी परत भरत असेल तर मोठ्या रुग्णालयात जा आणि बायोप्सीबद्दल विचारा. डॉक्टर विचारोत न विचारोत, जुने काम आपणहून सांगा.

उपचाराबाबत खोटी आशा दाखवणे बरे नव्हे. हा रोग पूर्ण बरा होणे फार दुर्मीळ आहे. शस्त्रक्रिया मोजक्याच रुग्णांना सुचवतात, आणि तिचा किती फायदा होतो यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन या दोन औषधांची केमोथेरपी २००३-०४ पासून रुळली. तिच्यासोबत फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ देतात. तिने आयुष्य काही महिन्यांनी वाढते, दमही कमी होतो. अलीकडे इम्युनोथेरपी आली, ती काही रुग्णांना अधिक काळ देते, पण अतिशय महाग आहे. पाणी वारंवार भरू नये म्हणून आवरणाचे पदर औषधाने चिकटवता येतात, किंवा घरी पाणी काढता येईल अशी नळी बसवता येते. वेदनेसाठी मॉर्फिन मागायला लाजू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यास त्याचे व्यसन लागण्याची भीती नको. मुंबईत टाटा रुग्णालय आहे, नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. कोणते बसतात ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

राहिला हक्काचा प्रश्न. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखली गेली आणि पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो हाच. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे त्यात म्हटले आहे. कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे, किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर ठेवावी, असा आदेशही न्यायालयाने दिला. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा भरपाई कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. पण कायद्यात काम सोडल्यानंतरच्या दोन वर्षांची भाषा आहे आणि रोग येतो तीस वर्षांनी. म्हणून मालकाचा वकील इथेच बोट ठेवतो. अशा वेळी युनियन किंवा कामगार कायदा जाणणारा वकील गाठावा. बायोप्सीचा रिपोर्ट हाती येताच दावा करावा, त्यालाही मुदत असते.

नाक्यावरच्या कामगाराकडे ना हजेरीपट असतो ना पगाराची पावती. त्याने एका वहीत वर्ष, ठेकेदार, जागा आणि कामाचा प्रकार लिहून ठेवावा, सोबत काम करणाऱ्या दोघांची नावे लिहावीत. गिरणी, रेल्वे किंवा कारखान्यातून निवृत्त झालेल्यांच्या घरी जुने ओळखपत्र, ईएसआयचे कार्ड, पीएफची कागदपत्रे ट्रंकेत पडून असतील. ती रद्दीत घालू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि कुठे ठेवली ते सुनेला, मुलीला सांगून ठेवा.