कल्याणच्या पुढचे घर

कल्याण स्थानक सुटले की मध्य रेल्वेचा मार्ग दोन दिशांना फुटतो. एक फाटा कसाऱ्याकडे वळतो; दुसरा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असा कर्जतच्या दिशेने जातो. मुंबईतील व्यापारी कुटुंबांत या दुसऱ्या फाट्याचे नाव बहुधा दोन प्रसंगी निघते. एक, गाळ्यात पैसे गुंतवायचे असतात तेव्हा. आणि दुसरा, घरातील एखादी सून किंवा लेक अकाली एकटी पडते तेव्हा. पतीचे निधन झालेले असते वा संसार मोडलेला असतो. पदरी आठ-दहा वर्षांचे मूल असते. एकत्र घरातील खोली सर्वांनाच अपुरी वाटू लागलेली असते. ते बोलून दाखवण्याचे धैर्य मात्र कोणात नसते. मग कोणी वडीलधारे म्हणतात, "वहिनी, बदलापूरला हवा चांगली आहे, भाडेही कमी. लहान गावात मुलाचे नीट होईल." निर्णय पुष्कळदा त्या एका वाक्यावर होतो, आणि जिला तेथे राहावयाचे असते तिला सर्वांत शेवटी विचारले जाते. एकट्या पडलेल्या पित्याची अडचण याहून फार वेगळी नसते. त्याच्यासाठी भरलेली बैठक मात्र सहसा दुसऱ्या विवाहाच्या विषयावर संपते.

‘लहान गाव’ हा शब्दच आधी तपासून घ्यावा. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि बदलापूरची १,७४,२२६ होती. त्याआधीच्या दहा वर्षांत बदलापूर सुमारे ९८ हजारांवरून या आकड्यावर पोहोचले होते, आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती त्यात धरलेल्याच नाहीत. लहान गावाकडून माणसाची जी अपेक्षा असते, म्हणजे शेजाऱ्याची नजर, दुकानदाराची ओळख, मुलगी उशिरा आली तर विचारणारी आजी, ती नव्या संकुलात आपोआप मिळत नाही. तेथे प्रत्येक कुटुंब नवे असते आणि कमावते माणूस सकाळच्या लोकलने निघून गेलेले असते.

तिन्ही नगरांचा स्वभावही एक नाही. उल्हासनगर ही मुळात दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथील बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प एक’ ते ‘कॅम्प पाच’ असेच सांगतात. सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनी जेमतेम १३ चौरस किलोमीटरमध्ये फर्निचर, कापड आणि जीन्सचा व्यापार उभा केला. ‘मेड इन यू.एस.ए.’ची जुनी थट्टा व्यापाऱ्यांना ठाऊकच आहे. ज्या स्त्रीने पेढीवर बसून मालाची नोंद ठेवली आहे, उधारी वसूल केली आहे, तिला हे गाव परके वाटणार नाही. दुकान आणि घर यांत दहा मिनिटांचे अंतर ठेवता येणे ही एकट्या आईसाठी फार मोठी सोय आहे, आणि ती या तिघांत सर्वाधिक उल्हासनगरलाच साधते.

पण तेथे घर घेताना कागद पाहावेत. अनधिकृत बांधकामांचा प्रश्न इतका विकोपाला गेला की २००६ मध्ये केवळ उल्हासनगरातील बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. स्वस्त मिळणाऱ्या जुन्या सदनिकेचा संरचनात्मक तपासणी अहवाल मागितला म्हणून विकणारा रागावला, तर तेवढ्यावरूनच काय ते समजून घ्यावे.

अंबरनाथला जुनेपणाचा आधार आहे. शिलाहारांच्या काळातील, १०६० मधील शिवमंदिर, आयुध निर्माणी आणि आता औद्योगिक वसाहत असा त्याचा प्रवास आहे. कारखान्यांमुळे हिशेब, खरेदी, पॅकिंग अशी कामे गावातच मिळू शकतात. रसायनांच्या वासाची तक्रारही तेथे जुनीच. दम्याचा त्रास असलेले मूल असेल तर घर कोणत्या बाजूला आहे हे पाहूनच पुढे जावे. बदलापूरची हवा, डोंगर आणि तुलनेने कमी भाडे ही खरी आकर्षणे आहेत. पण उल्हास नदीही तेवढीच खरी. २६ जुलै २००५ च्या पुरात बदलापूरचे सखल भाग बुडाले होते, आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून हजाराच्या आसपास प्रवाशांना बाहेर काढावे लागले. नदीकाठच्या संकुलात तळमजला स्वस्त का आहे, हे वॉचमनला विचारले तरी कळते.

मात्र खरा हिशेब घड्याळाचा आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ सुमारे ६० आणि बदलापूर ६८ किलोमीटर. समजा, एक श्राविका मशीद बंदरच्या पेढीत हिशेबाचे काम करते. साडेसहाला निघाली तरी बदलापूरच्या घराचे कुलूप उघडेपर्यंत साडेआठ होतात. गाडी रखडली तर नऊ. सकाळची गर्दी गाठायची तर साडेसातला घर सोडायचे. म्हणजे मूल तेरा तास तिच्या नजरेआड. शाळेचे पाच-सहा तास वजा केले तरी उरलेल्या सात तासांत त्याला जेवण कोण देणार, तापाचे औषध कोण पाजणार? ज्या घरात चौविहार पाळला जातो तेथे प्रश्न आणखी काटेकोर होतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आई डबा नेऊन पेढीवरच भोजन आटोपेल. मुलाचे ताट कोण वाढणार? भाड्यात दरमहा जे वाचते त्यातून शेजारच्या मावशींचे पैसे, पाळणाघर, रिक्षा वजा करावी आणि उरलेल्या रकमेकडे पाहावे. पुष्कळदा ती ठाण्याच्या एका खोलीच्या भाड्याशी फारशी स्पर्धा करत नाही.

या सात तासांचा विषय निघाला की ऑगस्ट २०२४ आठवल्यावाचून राहत नाही. बदलापूरच्या एका शाळेत पूर्वप्राथमिक वर्गातील दोन बालिकांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. तक्रार नोंदवून घेण्यात झालेल्या दिरंगाईने संताप वाढला आणि २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. दिवसभर लोकल थांबल्या. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. यावरून एका गावाला नाव ठेवणे अन्याय्य होईल; असे कोठेही घडू शकते. परंतु ‘लहान गाव म्हणजे सुरक्षित’ हे गृहीत त्या दिवशी कायमचे गेले. आता शाळा निवडताना निकालाची टक्केवारी विचारण्याआधी इतर प्रश्न विचारावेत. लहान मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ स्त्री-कर्मचारी असते काय? सखी सावित्री समितीत कोण आहेत, ती भरते काय? पालक पोहोचू शकला नाही तर मूल कोणाच्या हाती देतात? या प्रश्नांना मुख्याध्यापक शांतपणे उत्तरे देतात की आईलाच संशयी ठरवतात, एवढे पाहिले तरी पुरे.

स्थलांतराआधी पेढीचा हिशेब मिटवणे हे सर्वांत अवघड आणि म्हणूनच सर्वाधिक टाळले जाणारे काम. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुले आणि पतीची आई यांचा पतीच्या मालमत्तेत समान हिस्सा असतो. भागीदारी कायद्याच्या ३७ व्या कलमानुसार, वेगळा करार नसताना मृत भागीदाराचा हिशेब न करता धंदा चालू ठेवला, तर त्याच्या वारसांना त्या भांडवलावरील नफ्याचा वाटा किंवा ६ टक्के व्याज मागता येते. व्यापारी घरांना व्याज शिकवण्याची गरज नाही. तरी दिराने दरमहा पाठवलेल्या रकमेला ‘मदत’ म्हणण्याची सवय अनेक घरांत आहे. ती मदत आहे की हिस्सा, हे तिचे सामान टेम्पोत चढण्यापूर्वी कागदावर यावे. अज्ञान मुलाच्या नावावरील स्थावर न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

पालकत्वाबाबत बँकेत किंवा शाळेत वडिलांच्या सहीसाठी अडून बसणारे अजून भेटतात. पित्याच्या मृत्यूनंतर आई नैसर्गिक पालक असतेच. वडील हयात असून मुलाकडे लक्ष देत नसतील, तरीही आईला ते काम करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच स्पष्ट केले. तो खटलाही मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी आईची सही चालेल की नाही, यावरूनच उभा राहिला होता. घर विकत घेणाऱ्या स्त्रीला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, पण दस्त तिच्या नावे झाला तरच. ‘व्यवहाराच्या सोयीसाठी’ भावाचे नाव घातले की सवलत जाते आणि पुढे भांडणही येते.

समाजाला हा विषय नवा नाही. शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या मगनबाई तरुणपणीच विधवा झाल्या आणि त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम उभा केला. सोलापुरात पद्मश्री सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्थेचा मोठा विस्तार केला. एकट्या स्त्रीला दूर पाठवण्यापेक्षा तिच्याजवळ माणसे गोळा करावीत, हे त्यांनी जाणले होते. म्हणून देरासर वा मंदिर घरापासून पायी किती अंतरावर आहे, पाठशाळा आठवड्यातून किती वेळा भरते, तेथे सायंकाळी मुले थांबू शकतात काय, ही चौकशी केवळ धर्मापुरती नसते. चातुर्मासाचे चार महिने उपाश्रयात वर्दळ असते; उरलेल्या आठ महिन्यांत तेथे कोण असते, ते पाहावे.

थोडक्यात, व्यापारात उतरू पाहणाऱ्या आईने उल्हासनगर जरूर पाहावे. ठाण्या-कल्याणात वा औद्योगिक वसाहतीत नोकरी असेल तर अंबरनाथ सोसेल. मुंबईची नोकरी टिकवून बदलापूरला राहणे आजी-आजोबा सोबत येणार असतील तरच झेपेल. पहिले अकरा महिने भाड्याने राहावे, करार नोंदवून घ्यावा, मुंबईतील खोली लगेच सोडू नये. आणि जागा पाहावयास रविवारी बिल्डरच्या मोटारीतून जाऊ नये. जुलैतल्या एखाद्या मंगळवारी, मुलाला सोबत घेऊन, संध्याकाळी सहाच्या गर्दीत महिलांच्या डब्यातून जावे. उतरल्यावर रिक्षा मिळते की नाही, रस्त्यावर दिवे आहेत की नाही, मूल किती वाजता जेवले, हे वहीत लिहावे, आणि ती वही पुढच्या बैठकीत वडीलधाऱ्यांसमोर ठेवावी.