तुटलेली शिरोरेषा

वेसाव्याहून फेरीबोटीने मढला उतरलं की होड्यांवरची नावं वाचत जायची माझी सवय आहे. संगणकाच्या हुकमाने कोरणाऱ्या घरच्या छोट्या सीएनसी यंत्रावर पहिलं मोठं काम घेतलं तेही त्यातलंच: सागाच्या फळीवर ‘आई एकवीरा’. ‘आई’ सुरेख उतरलं. ‘ए’ झाला, आणि ‘क’पासून सगळं तीन मिलिमीटर खाली सरकलं. रोमन अक्षरांत एवढं कदाचित खपलं असतं. देवनागरीची शिरोरेषा तुटली की लांबूनही दिसते.

कोरणारा बिट शाबूत होता, स्क्रू घट्ट होते. मोटरला जाणारा प्रत्येक विद्युत स्पंद जुना संगणक स्वतः मोजून पाठवत होता, आणि मध्येच त्याने स्वतःचं अपडेट सुरू केलं होतं.

अशा यंत्रातली स्टेपर मोटर पावलापावलाने फिरते. एका फेऱ्यात 200 पावलं, मोटरला वीज देणारा ड्रायव्हर प्रत्येकाचे 16 भाग करतो, म्हणजे 3,200 स्पंद. माझ्या यंत्रात एका फेऱ्याला बिट 4 मिलिमीटर सरकतो. मिलिमीटरला 800 स्पंद झाले. मिनिटाला मीटरभर वेग हवा तर सेकंदाला 13,333 स्पंद लागतात, दर दोन स्पंदांमध्ये जेमतेम 75 मायक्रोसेकंद. एक स्पंद रेंगाळला आणि पुढचे घाईने आले की मोटर पाऊल चुकते. बिट खरोखर कुठे पोचला हे बघणारं या यंत्रात काहीच नसतं. माझे 2,400 स्पंद वाया गेले, तरी पडद्यावरचा आकडा बरोबरच होता.

म्हणून नियंत्रणाचं सॉफ्टवेअर निवडताना पडदा किती देखणा आहे ते नंतर बघावं. आधी विचारावं, वेळ कोण सांभाळतं?

नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी 2009 मध्ये लिहिलेलं ‘जीआरबीएल’ हे सॉफ्टवेअर वेळ सांभाळायचं काम अर्डुइनो ऊनोवरच्या 16 मेगाहर्ट्झच्या चिपकडे देतं. संगणकावरचा ‘युनिव्हर्सल जी-कोड सेंडर’ फक्त जी-कोडच्या, म्हणजे बिटने कुठे जायचं ते सांगणाऱ्या, ओळी पुरवतो. चिप सुमारे 16 हालचाली आधीच आखून ठेवते, आणि त्यातल्या शेवटच्या हालचालीअखेर वेग शून्य धरते. संगणक अडखळला तर यंत्र हळू होऊन थांबतं, पाऊल मात्र चुकत नाही. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. सेकंदाला 30,000 स्पंदांची मर्यादा हौशी कामाला भरपूर आहे.

दुसरा रस्ता ‘लिनक्ससीएनसी’चा. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेत 1990च्या दशकात झालेल्या कामातून ते आलं. ते संगणकालाच वेळेचा पक्का करतं. पाच अक्ष किंवा लेथ चालवायचं असेल तर हेच घ्यावं. पण त्यासाठी वेगळा संगणक हवा आणि तो किती उशीर करतो याची चाचणी आधी घ्यावी.

हे तंत्र तसं जुनं आहे. आकड्यांवर चालणारं मिलिंग यंत्र अमेरिकेच्या एमआयटीने 1952 मध्ये दाखवलं, तेव्हा त्याचा नियंत्रक कपाटांएवढा होता. बरोबर 50 वर्षांनी, 2002 मध्ये, एमआयटीच्याच सहकार्याने पाबळ गावात डॉ. श्रीनाथ कलबागांच्या विज्ञान आश्रमात फॅब लॅब, म्हणजे अशा यंत्रांची कार्यशाळा, सुरू झाली. गावातल्या मुलांच्या हाती अशी साधनं इतक्या लवकर आली याचा मला फार आनंद आहे.

मढच्या खाऱ्या हवेत कनेक्टर आणि स्क्रू गंजतात, त्यानेही पावलं चुकतात. तिथे सॉफ्टवेअर कामाचं नाही, तेल आणि फडकंच लागतं.

लॅमिंग्टन रोडवरून ऊनो आणला, फळी उलटी केली, एक सूत दांड्याचा तोच बिट लावला. काम झाल्यावर शिरोरेषेवर पट्टी ठेवली. ‘आ’पासून ‘रा’पर्यंत रेष सरळ होती.