लक्ष्मीच्या पाठीमागचं पाणी

गोंदियातल्या आमच्या घरी देवघरावर राजा रविवर्म्यांची लक्ष्मी आहे. कमळात उभी, बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती, पाण्यात हंस. लहानपणापासून पाहिलेलं हे चित्र परवा संगणकावर लाल-निळ्या चष्म्यातून पाहिलं आणि लक्ष्मी पाण्यापासून सुटून पुढे आली. हात आपसूक जोडले गेले.

या प्रकाराला अ‍ॅनाग्लिफ म्हणतात. आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. दोघांना दिसणाऱ्या दृश्यांतल्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. जर्मनीच्या विल्हेल्म रोलमान यांनी १८५३ मध्ये ही दोन दृश्यं रंगीत काचांनी वेगळी करून दाखवली.

फोटो दोन जागांवरून काढता येतो. रंगवलेल्या चित्राला मात्र एकच डोळा, दुसरा आपण घडवायचा. त्यासाठी आधी करडा नकाशा काढायचा: जवळचं पांढरं, लांबचं काळं. गालापेक्षा नाक जरा उजळ. हा नकाशा संगणक आपोआपही काढतो, पण हार सोंडेच्या पुढे की मागे, हे चित्र निरखणाऱ्यानेच ठरवावं. मग जवळचा भाग डाव्या डोळ्याच्या चित्रात उजवीकडे आणि उजव्याच्या चित्रात डावीकडे सरकवायचा. पहिल्यातला लाल रंग, दुसऱ्यातला हिरवा-निळा घेऊन दोन्ही एकत्र करायचे.

खरी कसोटी इथेच लागते. लक्ष्मी सरकली की पदराशेजारी फट पडते. तिथे रविवर्म्यांनी काही रंगवलेलंच नाही! शेजारचं पाणी पाहून तेवढी बोटभर पट्टी भरायला मला अख्खी दुपार लागली.

साडीनेही छळलं. लालसर रंग लाल काचेतून उजळ दिसतो, निळसर काचेतून काळपट. डोळ्यांत भांडण लागून साडी लुकलुकते. मग ती थोडी करडी करावी लागते. मन राजी होत नाही, पण इलाज नाही.

रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला; पुढे तो मळवलीला गेला. दादासाहेब फाळक्यांनीही त्या छापखान्यासाठी काम केलं. तिथे एकेका रंगाला वेगळा दगड असे, आणि एक रंग केसभर हलला तरी छपाई बिघडे. तोच हललेला रंग इथे मुद्दाम, मोजून आणायचा.

तुम्हीही करून पाहा. सरकवणं थोडंच ठेवा आणि लाल काच डाव्या डोळ्यावरच घ्या. चष्मा उलटा झाला, तर मागचं पाणी लक्ष्मीच्या पुढे येईल.