बाभळगावचे सरपंच, मांजराचे कारखानदार

बाभळगाव हे लातूर शहरालगतचे गाव. २६ मे १९४५ रोजी विलासराव दगडोजीराव देशमुख यांचा जन्म या गावातल्या देशमुखांच्या घरात झाला, तेव्हा लातूर हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्याचा तालुका होता. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. विलासरावांच्या पिढीने मराठवाड्याचा मागासलेपणा शाळकरी वयापासून पाहिला. पुण्यात गरवारे महाविद्यालयात आणि पुढे आयएलएस विधी महाविद्यालयात शिकून ते गावी परतले.

ज्या लातुरात ते परतले, ते व्यापाराचे गाव होते. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ मध्ये लातुरापर्यंत आली आणि बालाघाटच्या पठारावरची तूर, ज्वारी, करडई, भुईमूग मोंढ्यात ओतला जाऊ लागला. आडते, खरेदीदार, हमाल, मापाडी यांच्यावर शहर पोसले गेले. डाळमिली आणि तेलगिरण्या आल्या. व्यापाऱ्यांच्या देणग्यांवर शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. पुढे 'लातूर पॅटर्न' म्हणून गाजलेल्या शिक्षणाचा पाया तिथे घातला गेला. पण आडतीतला पैसा आडतीतच फिरत राहिला. शेकडो माणसांना काम देणारा कारखाना स्वतःच्या हिमतीवर काढावा, एवढे भांडवल कुणा एकाकडे नव्हते. नांदेडातली उस्मानशाही मिल निजामाच्या राजवटीत उभी राहिली होती. संस्थान गेले आणि तो आश्रयही संपला. अशा मुलखात उद्योजक म्हणजे ज्याच्या शब्दावर हजारो शेतकरी भाग घेतील आणि ज्याच्या फायलीला मुंबई-दिल्लीत वाट मिळेल असा माणूस. उद्योजकता आणि पुढारीपण इथे सुरुवातीपासूनच एका दावणीला बांधलेले होते. लातूरच्या पहिल्या पिढीतले काँग्रेस नेते केशवराव सोनवणे याच घडणीचे. लोकांच्या तोंडी 'डालडा फॅक्टरी' म्हणून राहिलेला लातूरचा सहकारी तेल-कारखाना त्याच काळातला. १९६७ मध्ये समाजवादी बापूसाहेब काळदाते यांनी सोनवणे यांचा पराभव केला. कारखाना आणला म्हणून जागा कायमची आपली होत नाही, हा धडा लातूरने तेव्हाच देऊन ठेवला होता.

विलासराव १९७४ मध्ये बाभळगावचे सरपंच झाले. पाठोपाठ उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्यत्व, लातूर पंचायत समितीचे उपसभापतिपद, जिल्हा युवक काँग्रेसचे अध्यक्षपद आणि जिल्हा मध्यवर्ती बँकेचे संचालकपद आले. यांपैकी बँकेचे संचालकपद बाहेरच्या वाचकाला किरकोळ वाटेल, पण तसे ते नव्हते. कोणत्या गावाची सेवा सोसायटी थकीत आहे, कुणाच्या विहिरीला पाणी आहे, कोण घेतलेले कर्ज वेळेवर फेडतो, हे सारे जिल्हा बँकेत बसणाऱ्याला ठाऊक होते. उसाच्या कारखान्याला नेमकी हीच माहिती लागते. १९८० मध्ये ते लातूरचे आमदार झाले आणि १९८२ मध्ये राज्यमंत्री. त्याच वर्षी १६ ऑगस्टला लातूर स्वतंत्र जिल्हा झाला.

त्याच सुमारास बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात धनेगावला मांजरा नदीवरचे धरण पूर्ण झाले. मांजरा बालाघाटात उगम पावते, बीड, धाराशिव, लातूर ओलांडून नांदेड जिल्ह्याच्या कडेने जाते आणि गोदावरीला मिळते. लातूरकरांना या नदीवर प्रथमच हमखास साठा मिळाला. कालव्याचे पाणी आले तसा ऊस आला. शेजारी ढोकीला तेरणा कारखाना आधीच चालू होता आणि तिथे ऊस घालणाऱ्यांच्या हातात आलेला पैसा लातूरकर पाहत होते. मांजरा शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो या पाण्याच्या आणि या ईर्ष्येच्या बळावर. कारखान्याच्या परिसराला पुढे विलासनगर हे नाव पडले.

सहकारी साखर कारखाना उभा करण्याची रीत प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास घालून दिली होती. शेतकऱ्यांनी भाग घ्यायचे, त्याला जोड म्हणून राज्य सरकारने भागभांडवल द्यायचे, उरलेली रक्कम वित्तसंस्थांनी सरकारच्या हमीवर कर्जाऊ द्यायची. परवाना दिल्लीतून मिळे, आणि नव्या कारखान्याला तेव्हा सहसा रोजच्या १२५० टन गाळपाची परवानगी असे. यातली प्रत्येक पायरी राजकारणातून जाई. भाग गोळा करायला गावोगावचे सरपंच आणि सोसायटीचे अध्यक्ष लागत, हमीला मंत्रालय लागे, परवान्याला खासदार आणि पक्षश्रेष्ठी. मंत्रिपदावरच्या माणसाला हे सोपे जाई, आणि उभा राहिलेला कारखाना त्याचे पुढारीपण पक्के करी.

मात्र कारखाना उभारणे वेगळे आणि चालवणे वेगळे. मराठवाड्यात उभारलेल्यांपैकी कितीतरी चालले नाहीत. किल्लारीचा कारखाना वर्षानुवर्षे बंद राहिला. नांदेड जिल्ह्यात शंकरनगरचा गोदावरी-मनार आणि लोहा तालुक्यातला कलंबर यांची चाके थांबली. शंकरराव चव्हाण यांच्या घराण्याशी जोडलेला भाऊराव चव्हाण कारखाना टिकला आणि वाढला. मांजराची गणती टिकलेल्यांत आणि नीट चाललेल्यांत होते. त्याचे श्रेय विलासरावांइतकेच त्यांचे धाकटे बंधू दिलीपराव देशमुख यांना द्यावे लागते. कारखान्याचा रोजचा कारभार त्यांनी हाताळला.

चांगला कारखाना कोणता, हे शेतकऱ्याला गव्हाणीवर कळते. उसाने भरलेली गाडी आधी काट्यावर येते, वजन होते, मग ती गव्हाणीत रिकामी होते आणि रिकाम्या गाडीचे वजन पुन्हा घेतात. दोहोंतला फरक पावतीवर येतो. काटा मारला की सभासद बोलत नाही, पण पुढच्या वर्षी नोंद दुसरीकडे देतो. तोडणीची चिठ्ठी क्रमाने येते की पुढाऱ्याच्या भावकीचा ऊस आधी तुटतो, हेही फडातला प्रत्येक जण मोजत असतो, कारण तोडायला उशीर झालेला ऊस वाळतो आणि वजनात मार खातो. शेवटची कसोटी भावाची. पहिला हप्ता केव्हा जमा झाला, साखर उतारा किती धरला, हंगाम संपल्यावर वरचे पैसे निघाले का? या तीन प्रश्नांवर मांजराने आपले नाव कमावले. राज्यातल्या झोनबंदीच्या काळात ठरलेल्या कारखान्याबाहेर ऊस नेता येत नसे, त्यामुळे ढिसाळ कारखानेही तगले. नव्वदच्या दशकात ती बंदी उठली आणि भाव न देणाऱ्यांची तारांबळ झाली. मांजराला उसाची चणचण भासली ती पावसाने दगा दिलेल्या वर्षांत.

पुढे निवळीला विकास आणि रेणापूर तालुक्यात रेणा हे कारखाने उभे राहिले आणि मांजरा परिवार असे नाव रूढ झाले. जिल्ह्यात एका कुटुंबाभोवती उसाचे एवढे मोठे जाळे तयार होणे चांगले की वाईट, यावर लातुरात आजही वाद होतो. शेतकऱ्याला वेळेवर पैसे मिळाले हे खरे, आणि सत्तेच्या जवळ नसलेल्याला अशी संस्था उभारणे जवळपास अशक्य होते हेही खरे.

१९९५ च्या निवडणुकीत जनता दलाचे शिवाजीराव पाटील कव्हेकर यांनी विलासरावांना सुमारे ३५ हजार मतांनी हरवले. सलग पंधरा वर्षे आमदार, बहुतेक काळ मंत्री आणि चालत्या कारखान्याचा संस्थापक अशा माणसाचा हा पराभव होता. भूकंपानंतरचा तो काळ होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेल्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादेत हजारो बळी घेतले होते. मोंढ्यातले आणि शहरातले मत ऊसवाल्यांच्या मताहून वेगळे असते, हे त्या निकालातून उघड झाले. १९९६ मध्ये विलासराव काँग्रेसबाहेरून विधान परिषदेला उभे राहिले आणि अर्ध्या मताने पडले. मंत्रालय सुटले तरी कारखाना हाताशी होता, त्यामुळे गावोगावचा संपर्क तुटला नाही. १९९९ मध्ये त्याच मतदारसंघाने त्यांना नव्वद हजारांहून अधिक मताधिक्याने परत पाठवले आणि १८ ऑक्टोबर १९९९ रोजी ते मुख्यमंत्री झाले.

पहिली कारकीर्द जानेवारी २००३ पर्यंत चालली, दुसरी १ नोव्हेंबर २००४ पासून डिसेंबर २००८ पर्यंत. या काळात मांजरा आणि तेरणेवर बंधाऱ्यांची साखळी वाढली आणि लातूरचा रेल्वेमार्ग रुंद झाला. नांदेडलाही या सत्तेचा लाभ झाला. २००८ मधल्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दी सोहळ्यासाठी शहरात रस्ते, पूल आणि घाट यांवर मोठा निधी आला. लातूर आणि नांदेडची चढाओढ मात्र थांबली नाही. मुंबईवरील हल्ल्यानंतर विलासरावांना पायउतार व्हावे लागले, नांदेडचे अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले आणि २००९ च्या जानेवारीत विभागीय आयुक्तालय नांदेडला देण्याचा निर्णय झाला. लातूर त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले.

विलासरावांच्या कारकिर्दीवरचा एक डाग शेतकऱ्यांशी थेट निगडित आहे. विदर्भात एका आमदाराच्या सावकार कुटुंबाविरुद्ध गुन्हा नोंदवण्यात मुख्यमंत्री कार्यालयाने हस्तक्षेप केल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये राज्य सरकारला दहा लाख रुपयांचा दंड ठोठावला. शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर वाढलेल्या नेत्याच्या बाबतीत हे फार बोचणारे होते. त्या वेळी ते केंद्रात मंत्री होते. १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले आणि अंत्यसंस्कार बाभळगावात झाले.

त्यांनी मागे ठेवलेल्या कामाचा हिशेब पाण्यावाचून पुरा होत नाही. ऊस वर्षभर, कधी दीड वर्ष शेतात उभा राहतो आणि तेवढा काळ पाणी मागतो. लातूरचा पाऊस बेभरवशाचा. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचे धरण कोरडे पडले, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी आली. एका दुष्काळाला एकच पीक जबाबदार धरणे अन्यायाचे. शहराच्या पाणीपुरवठ्याची वर्षानुवर्षांची हेळसांडही त्याला कारण होती. पण पीकपद्धती कारखान्याच्या गरजेप्रमाणे ठरली, नदीच्या कुवतीप्रमाणे नाही, आणि ती ठरवणाऱ्यांत विलासराव अग्रभागी होते. ठिबकचा आग्रह फार आधी आणि फार जोरात धरायला हवा होता. त्या काळात लातूरच्या जिरायती रानात सोयाबीन पसरले आणि मोंढ्यात त्याचीच आवक सर्वांत मोठी झाली. पण सोयाबीनच्या शेतकऱ्याला मांजराच्या तोडीची, त्याच्या मालकीची सहकारी प्रक्रिया संस्था मिळाली नाही.

राजकीय वारसा मुलांकडे गेला. अमित देशमुख २००९ पासून लातूर शहराचे आमदार आहेत. धीरज देशमुख २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमधून सव्वा लाखाच्या आसपास मताधिक्याने निवडून आले; त्या निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकाची मते 'नोटा'ला पडली होती. २०२४ मध्ये तीच जागा त्यांनी भाजपच्या रमेश कराड यांच्यापुढे गमावली. उसाच्या पट्ट्यातला हा मतदारसंघ हातून गेला, तरी मांजरा परिवारातल्या कारखान्यांचे धुराडे त्या हंगामातही पेटले.