चित्रांच्या गांठी

खानदेशांतील कापूस जिनांत जातो. सरकी निराळी निघते आणि रुई प्रेसमध्यें दाबून तिच्या गांठी बांधतात. तसें न केल्यास थोड्याशा रुईनें आगगाडीचा सबंध डबा भरून जाईल. हलत्या चित्रांची अडचण नेमकी हीच होती. सेकंदाला २५ चित्रें डोळ्यांपुढून गेलीं पाहिजेत. प्रत्येक चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचें धरलें तरी सेकंदास सुमारें ३ कोटी बिट लागतात. गाण्याच्या साध्या तबकडीच्या वेगांत चित्राच्या वाट्यास येतात अवघे साडेअकरा लक्ष! म्हणजे चित्रें २६ पट दाबणें आलें.

गांठ बांधतांना रुईंतील हवा निघून जाते. येथें काय काढावयाचें? जें पुनःपुन्हां येतें तें. मंडपांत नवरानवरी उभीं आहेत. मागील पडदा जागचा हलत नाहीं. तो सेकंदाला २५ वेळां लिहिण्याचें कारण काय? एकदां पुरें चित्र लिहावें. पुढें काय हललें व कोणीकडे सरकलें, एवढेंच नोंदवावें. डोळ्यास न जाणवणारा बारकावाही गाळावा. ह्या पद्धतीस एम्पेग म्हणतात. गांठ बांधण्यास वेळ लागला तरी चालतो. सोडावयाची मात्र घरोघरीं, आणि तीही तत्क्षणीं. त्यासाठीं स्वस्त चिप हवी होती.

१९८८ सालीं एडमंड सन व अलेक्झांद्र बाल्कान्स्की ह्यांनीं कॅलिफोर्नियांत सी-क्यूब मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी काढली. प्रथम तिनें स्थिर चित्रें दाबणारी चिप केली. नंतर हलत्या चित्रांची गांठ सोडणारी. १९९३ मध्यें चीनमधील वान्यान कंपनीनें तीच चिप घालून व्हीसीडीचें यंत्र बाजारांत आणलें. पाठोपाठ इतर कारखानदार पुढें सरसावले. चिपांच्या व्यापारांतही चढाओढ लागली आणि यंत्रें मध्यम स्थितींतील कुटुंबांच्या आवांक्यांत आलीं. एका तबकडीवर ७४ मिनिटें मावत. म्हणून एका हिंदी चित्रपटास दोन-तीन तबकड्या लागत.

ह्या स्वस्ताईचें फळ खानदेशास निराळेंच मिळालें. चित्र दाखविण्यास थिएटर नको, वितरक नको. संगणकावर तबकडी उतरविली कीं झालें. अहिराणी गाणीं चित्रांसह धुळें-जळगांवच्या बाजारांत मिळूं लागलीं. लग्नेंही तबकडींत साठविलीं गेलीं. ज्या बोलीस मोठ्या पडद्यावर क्वचितच जागा मिळे, ती घरच्या पडद्यावर बोलूं लागली.

सी-क्यूब मात्र टिकली नाहीं. २००१ सालीं एलएसआय लॉजिकनें ती विकत घेतली. व्हीसीडीस आधीं डीव्हीडीनें व पुढें मोबाइलनें मागें सारलें. कंपनी गेली, तबकडी गेली. तथापि बदलेल तेवढेंच लिहिण्याचें तें तत्त्व आजच्या मोबाइलांतील चित्रांतही आहे.

राहतो प्रश्न कपाटांतील तबकड्यांचा. घरगुती रीतीनें उतरविलेल्या तबकडींतील रंगद्रव्य कालांतरानें बिघडतें, आणि ती वाचणारीं यंत्रेंही दुर्मिळ होत आहेत. आजीची अहिराणी ओवी किंवा मामाच्या लग्नाची वरात अशा तबकडींत असेल, तर यंत्र चालू आहे तोंच तिची नक्कल करून ठेवणें शहाणपणाचें. गांठ सोडणारा हात नाहींसा झाला, तर आंतली रुई असून नसल्यासारखीच!